हार्ट फेल्युअरवर पीएच.डी., तीही आपल्याच भागात. गाईडना भेटायला जाताना काय विचारू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

सांगलीत बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केली, नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची केंद्राची फेलोशिप) निघाली. आता आपल्याच भागातल्या एका विद्यापीठात (नाव मुद्दाम टाळतेय) पीएच.डी.साठी निवड झालीय. विषय ढोबळमानाने असा: हार्ट अटॅकमधून माणूस वाचतो, पण हृदयाचा उरलेला चांगला भाग पुढे ताणत, पातळ होत जातो आणि शेवटी पंप कमी पडतो. हे का होतं? विषय मनापासून आवडलाय.

अडचण अशी की मी आजवर एन्झाइमचं काम केलं. हृदय पुस्तकातल्या आकृतीत पाहिलंय तेवढंच. बाबा म्हणतात, "पुणं-हैदराबाद बघ, इथं कोण शिकवणार?" आई म्हणते, "घरचा डबा मिळंल." दोघांचंही खोटं नाही. पुढच्या आठवड्यात गाईड सरांना भेटायचंय. या विषयात नवख्याला तयार करायचं म्हणजे काय काय शिकवावं लागतं? आणि ते इथे मिळेल की नाही, हे ओळखायला मी काय विचारू?

माणदेशी

ताई, आधी पैशाचं बघा, विज्ञान नंतर.

तुमची जेआरएफ आहे हे नशीब. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि पुढच्या टप्प्याला, म्हणजे एसआरएफला, ४२,००० आहेत, वर घरभाडे भत्ता. आमच्याबरोबर निम्मी पोरं सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपच्या भरवशावर बसलेली असायची. त्या फेलोशिप चांगल्या आहेत, पण हप्ता कधी येईल त्याची खात्री नाही, आणि खोलीचं भाडं मात्र एक तारखेलाच जातं. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की विद्यापीठाकडून जॉइनिंगची आणि दर महिन्याच्या हजेरीची कागदं कोण पाठवतं, आणि तो माणूस जाग्यावर असतो का. हसू नका. मी यातून गेलोय.

दुसरं, केमिकलचा खर्च कोण करणार? एका अँटीबॉडीची कुपी तीस-चाळीस हजारांना येते. सरांकडे चालू प्रोजेक्ट नसेल तर तो खर्च तुमच्या कंटिन्जन्सीवर (फेलोशिपसोबत मिळणाऱ्या किरकोळ खर्चाच्या रकमेवर) येतो, आणि ती वर्षाला एक कुपी आणण्यापुरतीही पुरत नाही.

जुना_मिरजकर

मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तेव्हा थोडं लांबण लावतो.

बेटा, तू लिहिलंस की जिवंत हृदय पाहिलेलं नाही. हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि तो तुझ्या एकटीचा नाही. आमच्या वेळी पहिल्या वर्षाला बेडकाचं हृदय आणि त्याच्या ठोक्यांची रेघ उमटवणारा, काजळी धरलेला ड्रम असायचा. एक थेंब ॲसिटिलकोलीन टाकलं की काजळीवरची रेघ सपाट व्हायची. आता पदवीच्या वर्गात तो प्रयोग संगणकाच्या पडद्यावर होतो. प्राण्यांच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण परिणाम असा की थेट पीएच.डी.ला येईपर्यंत मुलांच्या हाताला काहीच लागलेलं नसतं.

या विषयातला पहिला धडा म्हणजे लँगेनडॉर्फ. ऑस्कर लँगेनडॉर्फने १८९५ साली दाखवलं की सस्तन प्राण्याचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवता येतं. महाधमनीत नळी घालून द्रव उलट्या दिशेने सोडायचा. दाबाने झडप मिटते, द्रव हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत शिरतो. द्रव क्रेब्स-हेन्सेलाइट नावाचा, क्षारांचा, तापमान ३७ अंश, त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत बुडबुडत ठेवलेला. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात हृदय काढल्यापासून नळी बसेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत सगळं ठरतं. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की रोहिणी तुंबली. नळी जरा खोल गेली की रोहिण्यांची तोंडंच बंद. हे कोणी शेजारी उभं राहून शिकवलं नाही तर मुलगी महिनोन्महिने रॅट वाया घालवते आणि दोष मात्र औषधाला देते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे हृदयाच्या सुट्या पेशी मिळवणं. कोलॅजिनेज हे एन्झाइम सोडून ऊतक सैल करायचं. त्या वेळी द्रवात कॅल्शियम जवळजवळ नसतं. नंतर ते टप्प्याटप्प्यानेच परत द्यायचं. एकदम दिलंस तर पेशी आखडून गोळा होतात आणि मरतात. चांगली पेशी विटेसारखी लांबट, आडव्या रेघा स्पष्ट. मेलेली गोल. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या नजरेत कळतं की आजचा दिवस कारणी लागणार की नाही.

म्हणून तू सरांना एवढंच विचार: "सर, हे मला कोण हाताला धरून शिकवेल?" उत्तरात एखाद्या सीनियरचं नाव आलं तर जा. "यूट्यूबवर व्हिडिओ आहेत" असं आलं तर विचार कर.

डॉ_भडंग

मिरजकर सरांना नमस्कार. मी हृदयरोगतज्ज्ञ, सांगलीतच प्रॅक्टिस. सरांचं सगळं मान्य, पण एक टोचून बोलतो.

रॅटचं हृदय मिनिटाला साडेतीनशे-चारशे वेळा पडतं. त्याच्या पेशीतल्या विद्युत आलेखाला माणसासारखा सपाट टप्पाही नसतो. आपल्याकडच्या पुष्कळ पीएच.डी. ठराविक साच्यातल्या असतात: रॅटला आयसोप्रोटेरेनॉल हे हृदयाला जोराने पळवणारं औषध टोचायचं, हृदयाला ठिकठिकाणी इजा झाली की त्याला "हार्ट अटॅक" म्हणायचं, आधी कुठल्या तरी पाल्याचा अर्क पाजलेला असतोच, त्याने इजा कमी झाली असं दाखवायचं. संपलं. माझ्या कॅथलॅबमध्ये येणाऱ्या माणसाची एक रोहिणी गुठळीने बंद झालेली असते. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी. तुमचा विषय अटॅकनंतरच्या बदलांचा आहे, म्हणजे एलएडी (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रोहिणी) बांधायची शस्त्रक्रिया शिकावी लागेल, छोट्या व्हेंटिलेटरवर रॅट ठेवून. ती होणार आहे का ते विचारा.

आणि दवाखान्यात या. हे मी आग्रहाने सांगतो. जत-आटपाडीकडून पेशंट येतो तोवर छातीत कळ येऊन कितीतरी तास गेलेले असतात. आधी गावात ॲसिडिटीचं इंजेक्शन, मग तालुक्याला ईसीजी, मग आमच्याकडे. तीन महिन्यांनी तोच पेशंट पायाला सूज घेऊन परत येतो तेव्हा तुमचा प्रबंधाचा विषय माझ्यासमोर खुर्चीत बसलेला असतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) करताना शेजारी उभं राहून बघितलंत तर कळेल की "इजेक्शन फ्रॅक्शन ३५" हा आकडा, म्हणजे एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते, कसा निघतो, आणि दोन डॉक्टरांनी मोजला तर त्यात पाच-सात टक्क्यांचा फरक कसा पडतो.

प्रश्नांची तर आपल्याकडे रास आहे. तासगाव भागात द्राक्षावर फवारणी करताना ऑर्गेनोफॉस्फेटची बाधा झालेले पेशंट येतात. त्या विषाने ईसीजीत क्यूटी (ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा काळ) लांबतो, कधी जीवघेणी लय सुरू होते. वर्षानुवर्षांचे ईसीजी फायलींत पडून आहेत. दुसरं उदाहरण, एमवायबीपीसी३ नावाच्या जनुकातली २५ अक्षरं गळाल्याचा बदल. २००९ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या भारतीय गटाच्या कामाने दाखवलं की दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत तो आहे आणि हृदयस्नायूच्या आजाराचा धोका त्याने वाढतो. म्हणजे माझ्या वेटिंगमध्ये पंचवीस माणसं बसली असतील तर त्यातल्या एकाकडे तो असणार, सरासरीने. कोण आहे, त्याला काय होतं, हे इथे कोणी पद्धतशीर पाहत नाही.

माणदेशी

डॉक्टरसाहेब, हे सगळं ठीक. पण तुमच्या दवाखान्यात पीएच.डी.च्या पोरीला उभं कोण करतं? आम्ही गेलो होतो एका ठिकाणी (तुमच्या नव्हे), वॉर्डबॉयने विचारलं, "एमआर का?" औषध कंपनीचा माणूस समजला.

डॉ_भडंग

खरं आहे. आमच्या बिरादरीत एम.डी.चा थिसिस हा सही घेण्यापुरता असतो. हल्ली पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे, तो बऱ्यापैकी चांगला आहे. पण तो करून आलेला रेसिडेंट चोवीस तास ड्युटीवर असतो. त्याच्याकडे पेशंट आहेत, वेळ नाही. तुमच्याकडे वेळ आहे, पेशंट नाहीत. या दोघांना एका टेबलावर बसवणारं कोणी नसतं.

परदेशी_सांगलीकर

मी विलिंग्डनचा जुना विद्यार्थी, सध्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हृदयाच्या पेशींवर पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) करतोय. डॉक्टर म्हणतात ते टेबल इथे सरकारी पैशाने मांडलेलं आहे, म्हणून ते कसं चालतं ते लिहितो. इथलं सगळं भारी आणि आपल्याकडचं टाकाऊ असं म्हणायचं नाही.

इथे एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची टी३२ नावाची ग्रँट असते. हृदयाच्या विषयात ती एनएचएलबीआय या त्यांच्या संस्थेकडून येते. हे पैसे एखाद्या प्रयोगासाठी नसतात, माणसं घडवण्यासाठी विद्यापीठाला मिळतात. ठराविक जागा, काही पीएच.डी.च्या, काही पोस्टडॉकच्या. २०२४ मध्ये नव्या पोस्टडॉकला वर्षाला ६१,००८ डॉलर होते. महत्त्वाचं असं की गाईडांची यादी अनेक विभागांतली असते: फिजिऑलॉजी, कार्डिओलॉजी, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, एपिडेमिऑलॉजी. पगार गाईडच्या खिशातून येत नाही, त्यामुळे मुलगा गाईडच्या प्रोजेक्टचा बांधील नोकर होत नाही. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

मग दर आठवड्याला सेमिनार. त्यात इंजिनिअर कार्डिओलॉजिस्टला भाबडे प्रश्न विचारतो, आणि भाबड्या प्रश्नालाच बहुतेकदा उत्तर नसतं. संशोधनातल्या सचोटीचं शिक्षण समोरासमोर किमान आठ तास, आणि दर चार वर्षांनी पुन्हा. दर वर्षी एक समिती बसते, तिच्यात आपला गाईड सोडून इतर लोक असतात. शिवाय स्वतःच्या नावाचा ग्रँट अर्ज लिहायला बसवतात. पुढे के९९/आर०० म्हणून ग्रँट आहे: दोन वर्षं गाईडच्या हाताखाली, तीन वर्षं स्वतःच्या प्रयोगशाळेत.

गंमत म्हणजे टी३२ फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना. मी व्हिसावरचा, माझा पगार दुसरीकडून. के९९ आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनची फेलोशिप मात्र आम्हालाही खुली आहे. पण सेमिनारला मला कोणी अडवत नाही, आणि खरं शिक्षण तिथेच झालं. त्या खोलीला वेगळे पैसे लागत नाहीत. चार विभागांतली माणसं ठरलेल्या वेळी यायला लागतात, बस्स.

पेपरवाला

एवढं कशाला? दोन स्कोपस पेपर छापा, व्हायवा द्या, सहायक प्राध्यापकाच्या जागेची वाट बघा. आदर्शवादाने पोट भरत नाही.

परदेशी_सांगलीकर

पेपरवाले, तुमच्या कडवटपणामागे कारण असेल, पण हृदयाच्या विषयात "छापा आणि सुटा" याची किंमत केवढी होते ते ऐका.

२००१ मध्ये नेचरमध्ये पेपर आला की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या इजा झालेल्या हृदयात नवा स्नायू तयार करतात. पिएरो अँव्हर्सा हे त्यातलं मोठं नाव. २००४ मध्ये त्याच नेचरमध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी लिहिलं की आम्हाला हे दिसत नाही. तरीही पैसा वाहत राहिला, रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने सांगितलं की या प्रयोगशाळेचे ३१ पेपर मागे घ्या, त्यातली माहिती बनावट किंवा फेरफार केलेली आहे. त्याच विचारावर उभी असलेली हार्ट फेल्युअरची एक चाचणी एनआयएचला मध्येच काही काळ थांबवावी लागली. त्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एकाने निनावी लिहून ठेवलंय की तिथे आपली माहिती शेजारच्याला दाखवायची मुभा नव्हती. नवख्या पोरांची करिअर त्या भिंतींच्या आत गेली.

आणि त्याच काळात स्वीडनमधल्या गटाने काय सुंदर काम केलं बघा. १९५०-६०च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला, मग कमी होत गेला. पेशी जन्मते तेव्हाचं प्रमाण तिच्या डीएनएत राहतं. त्यावरून त्यांनी माणसाच्या हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. सायन्स, २००९. या एका आकड्याने आधीच्या कितीतरी मोठ्या दाव्यांची हवा काढली.

ताई, तुम्ही सरांना विचारा की लॅब मीटिंग होते का आणि तिथे कच्चा डेटा दाखवतात की फक्त तयार आलेख.

आकडेमोड

सातारकर. संख्याशास्त्र शिकवतो, लोक मला प्रबंध बांधायला जायच्या आदल्या आठवड्यात भेटतात. "सर, जरा पी व्हॅल्यू काढून द्या."

हृदयाच्या पेशींच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. तीन रॅट, प्रत्येकाच्या वीस पेशी मोजल्या, तक्त्यात लिहिलं एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) = ६०. एकाच रॅटच्या वीस पेशी ही वीस स्वतंत्र साक्ष नव्हेत. एकाच घरातल्या वीस जणांना विचारून गावाचा कौल सांगण्यासारखं आहे ते. तिथे एन आहे ३. हा नियम पाळला तर कपाटातले पुष्कळ प्रबंध पुन्हा लिहावे लागतील. म्हणून प्रयोग सुरू करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाकडे जा, नंतर नाही. प्राण्यांच्या नीतिसमितीला किती रॅट लागणार हे कारणासकट लिहून द्यावंच लागतं, तोच आकडा नीट काढायचा.

आणि "आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला" हा भ्रम घालवायला कास्ट चाचणी प्रत्येक नवख्याला वाचायला लावावी. अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त, म्हणून ते ठोके दाबणारी औषधं दिली. ठोके खरंच दबले. पण एन्केनाइड-फ्लेकेनाइड घेतलेल्या ७५५ जणांत ६३ गेले, आणि नुसती साखरगोळी घेतलेल्या ७४३ मध्ये २६. १९८९ मध्ये हा भाग मध्येच थांबवला, सविस्तर पेपर १९९१ चा. कुठल्याही तर्काने हे आधी कळलं नसतं. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले म्हणून कळलं.

पेपरवाला

कास्ट माहीत नव्हतं. वाचतो. बाकी कडवटपणाला कारण आहेच, पण ते इथे नको.

जुना_मिरजकर

आकडेमोड यांना एक पुरवणी. हृदयाचे काप मॅसन्स ट्रायक्रोमने रंगवले की व्रण निळा आणि स्नायू लाल दिसतो. निळा भाग किती, हे मोजणाऱ्याला काच कुठल्या गटातली ते माहीत असता कामा नये. काचांवर दुसऱ्याने आकडे टाकायचे, यादी कुलपात. ही शिस्त लावायला दमडी लागत नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. भेट झाली, जरा सविस्तर लिहिते.

बाबा सोबत आले होते, बाहेर बाकावर बसले. सरांनी तासाभराहून जास्त वेळ दिला. लँगेनडॉर्फची मांडणी आहे, पंप दुरुस्तीला गेलाय. चालवता येणाऱ्या एक मॅडम फार्माकॉलॉजीत आहेत, त्यांना लगेच बोलावून ओळख करून दिली. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "डावखुरी आहेस का?" कारण कॅन्युला बांधायचा स्टँड उजव्या हाताचा आहे. मला त्या आवडल्या.

एलएडी बांधायचं अजून इथे कोणी केलेलं नाही. सर स्पष्ट म्हणाले, "पहिलं वर्ष आयसोप्रोटेरेनॉलवर हात बसव, शस्त्रक्रिया शिकायला बाहेर पाठवावं लागेल, त्याची सोय मी बघतो पण शब्द देत नाही." रॅटची इको करायचं यंत्र नाही. चालू प्रोजेक्टमध्ये अँटीबॉडीचे पैसे आहेत, पण तो प्रोजेक्ट माझ्या आधी संपेल.

लॅब मीटिंगचं विचारलं तेव्हा जरा थांबले. "होते, पण मी बोलतो आणि मुलं लिहून घेतात," असं म्हणाले. मग मी (धीर करून) परदेशी दादांचं सेमिनारचं सांगितलं. हॉस्पिटल रस्त्याच्या पलीकडे आहे आणि त्यांच्या कार्डिओलॉजीतल्या कोणाशी त्यांचं संशोधनाबद्दल कधी बोलणं झालेलं नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. सह-मार्गदर्शक म्हणून तिथल्या एका डॉक्टरांना विचारतो म्हणाले. मी जायचं ठरवलंय. बाबा गाडीत एवढंच म्हणाले, "माणूस थापा मारत नाही."

डॉ_भडंग

यंत्र नाही हे स्पष्ट सांगणारा गाईड मिळाला, मोठी गोष्ट आहे. सह-मार्गदर्शक कागदावरचा नको. त्यांच्या ओपीडीचा एक दिवस तुमच्या नावाने मागून घ्या, आणि नीतिसमितीची परवानगी लागेल अशी रुग्णांची कुठलीही माहिती त्याआधी वहीत उतरवू नका. सांगलीत असाल त्या शनिवारी माझ्याकडे इकोला उभ्या राहा. वॉर्डबॉयला सांगून ठेवतो.

माणदेशी

आणि हजेरीची कागदं?

कृष्णाकाठची

विचारलं दादा! दुसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत, जाग्यावर होत्या. म्हणाल्या, "पंचवीस तारखेच्या आत सही आण, पुढचं माझ्यावर सोड."

आकडेमोड सर, एक शंका. पहिल्या वर्षी हात बसवताना जे रॅट वापरले जातील, त्यांचे आकडे नंतर मुख्य प्रयोगात धरायचे का? मॅडम म्हणाल्या, बरेच जण धरतात.

आकडेमोड

नाही. ते सरावाचे. त्यांच्यावरून आकड्यांची चढउतार किती आहे ते कळेल आणि मुख्य प्रयोगाला किती रॅट लागतील ते काढता येईल, उपयोग तेवढाच. वही वेगळी ठेवा. नीतिसमितीच्या अर्जातही सरावाचे रॅट वेगळे दाखवा, नाहीतर पुढे संख्या कमी पडते आणि मग मोह होतो. अर्जाचा कच्चा मसुदा झाला की व्यनि (खासगी निरोप) करा, सातारहून कराडला माझी फेरी असतेच.